ठरावाची वही गावाच्या हातात द्या

गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करायला लागले तेव्हा ठराव मीच लिहायचे. अक्षर बरं, भाषा सरकारी, काम झटपट. एकदा तालुक्याच्या एका कार्यालयात साहेबांनी वनहक्क समितीच्या अध्यक्षांना विचारलं, "यात काय लिहिलंय?" ते माझ्याकडे बघत राहिले. गावाचा ठराव, त्यांची सही आणि शब्द मात्र सगळे माझे. कागद परत आला. त्यानंतर मी गावाच्या वहीत एक ओळही लिहिली नाही. संस्थेतून गावांसोबत काम करत असाल तर तुम्हीही लिहू नका.

गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचं परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण तिथले अभ्यासगट, म्हणजे एकत्र बसून विषय समजून घेणारे गावकऱ्यांचे गट, त्याआधी कितीतरी वर्षं बसत होते. म्हणून आधी अभ्यासगट बसवा. मोहफुलं वेचायच्या आणि रोवण्याच्या दिवसांत बैठक ठेवू नका, बाया येणारच नाहीत. वनहक्काच्या ग्रामसभेला तर निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया. चर्चा गोंडीत होऊ द्या. ठराव मराठीत लिहिला की तिथल्या तिथे वाचून दाखवायचा आणि गोंडीत सांगायचा. कुणी "असं नव्हतं ठरलं" म्हणालं तर ओळ बदलायची, सह्या नंतर.

खरा वेळ द्या तो हिशेबाला. गावं इथेच मोडतात. रोखवही शिकवायला फळा नको, तेंदूची फळी, म्हणजे पानांचे पुडे गोळा होतात ती जागा, तीच बरी. एका पुड्यात 70 पानं. ज्या बाईने पुडे दिले तिच्याच समोर तिचे पुडे मोजा, शेकड्याच्या भावाने गुणाकार तिच्या मुलीला करू द्या, आकडा मजुरीच्या यादीत चढवा आणि मग तीच रक्कम रोखवहीत कुठे जाते ते बोट ठेवून दाखवा. आकडा चुकला तर खोडरबर किंवा पांढरी शाई वापरायची नाही. एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा दिसला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि सही. एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, अशाच एका रेघेवर आजीबाईंनी बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी खोडलं?" त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या दिवशी बैठक दोन तास लांबली, आणि ती लांबायलाच हवी होती.

बँक खात्यावर दोन सह्या ठेवा, त्यातली एक बाईची. पैसे काढण्याआधी ठराव. प्रत्येक खर्चाची पावती त्याच आठवड्यात चिकटवा, पावसाळ्यात सुटे कागद टिकत नाहीत. मूळ हक्कपत्र आणि नकाशा संस्थेच्या कपाटात ठेवू नका, मग संस्था कितीही भली असो. गावातच पत्र्याच्या पेटीत ठेवा, किल्ली कुणाकडे हे ठरावात लिहा, आणि तुमच्याकडे फक्त झेरॉक्स.