फोटोअकूस्टिक स्कॅन: हात पाण्यात घालण्याआधी

या स्कॅनमध्ये पाण्यात बुडवलेल्या हातावर लेसरचा प्रकाश टाकतात; रक्त तो शोषून बारीक आवाज काढतं आणि तो पाण्यातून ऐकून शिरांचं चित्र बनवतात. व्हॉलंटिअर उद्या सकाळी येणार असेल, तर तयारी आज संध्याकाळी सुरू करायची. तीही लेसरपासून नाही, पाण्यापासून. डीआयॉनाइज्ड (क्षार काढलेलं) असलं तरी पाणी उकळा, झाकून निवू द्या आणि खळखळ न करता टाकीत सोडा. न उकळलेलं गार पाणी टाकीतच तापवलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन निघते आणि नेमकी ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे आवाज पकडणाऱ्या सेन्सरच्या, तोंडावर नाहीतर हातावरच्या लवेत अडकते. बुडबुडा आला की आवाज तिथेच संपला.

आता तापमान. गेल्या डिसेंबरात मी थर्मामीटर बुडवलाच नाही. पुण्यातली थंडी, रात्रभर टाकीत पडून राहिलेलं 20 अंशांचं पाणी, आणि त्यात बिचारा एक मुलगा वीस मिनिटं हात घालून बसलेला. चित्रात मनगटाची प्रत्येक शीर दोन-दोनदा उमटली होती आणि बोटांतल्या बारीक वाहिन्या दिसतच नव्हत्या. मी दोन दिवस ट्रिगरला, म्हणजे लेसर सुटताच नोंद सुरू करणाऱ्या इशाऱ्याला, दोष देत बसले. चित्र बनवणाऱ्या कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला 1540 मीटर लिहिलेला होता. तो मऊ ऊतींसाठी ठीक, पण 20 अंशांच्या पाण्यात वेग 1482 च्या आसपास असतो. आवाजाला 4 सेंटीमीटर पाणी कापायचं असेल, तर एवढ्यानं दीड मिलिमीटर चुकतं. शीर त्याहून फार जाड नसते आणि प्रत्येक सेन्सर आपापल्या दिशेनं चुकतो, मग एकीच्या दोन होतात. बोटांचं कारण तर आजीनंही सांगितलं असतं: गारठ्यानं वाहिन्या आकसल्या. प्रकाश शोषून आवाज काढतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. रक्तच आत सरकलं तर ऐकू काय येणार?

तेव्हा पाणी 35 अंशांवर आणा. तिथे वेग 1520 धरा, कोडमधला आकडा बदला, आणि थर्मामीटर टाकीतच राहू द्या. स्कॅनच्या आधी आणि नंतर तापमान वहीत लिहा. 'कोमट आहे' ही नोंद नव्हे.

लेसरला अर्धा तास गरम होऊ द्या. ऊर्जा हात जिथे येणार तिथे मीटर धरूनच मोजा, पॅनलवरच्या आकड्यावर जाऊ नका. नॅनोसेकंद पल्ससाठी त्वचेची मर्यादा 532 नॅनोमीटरला चौरस सेंटीमीटरमागे 20 मिलिज्यूल, 800 ला साधारण 32, 1064 ला 100. तरंगलांबी बदलली की हिशेब पुन्हा. गॉगल सगळ्यांना, व्हॉलंटिअरलाही, आणि त्यावर छापलेली तरंगलांबी वाचून. 532 चा गॉगल 1064 अडवेलच असं नाही.

अंगठी, घड्याळ, नेलपॉलिश: सांगायला नको. टॅटूचं मात्र आदल्या दिवशी फोनवरच विचारा. काळी शाई इतका प्रकाश शोषते की तिच्याखालचं काही दिसत नाही. मेंदी आणि मतदानाची शाई असलेल्या बोटांवर हिरवा प्रकाश वापरू नका, लग्नसराईत आणि निवडणुकीत तारखाच पुढे ढकला. त्वचेतल्या मेलॅनिनचाही आवाज येतो. वरचा तो झगझगीत पट्टा शीर समजू नका.

हात येण्याआधी अगारच्या जेलीत रोवलेल्या पेन्सिलच्या शिशाचं एक चित्र घ्या. काडी एक दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर? तापमान बघा! ती भलत्याच खोलीवर दिसली, तर कोड सोनोग्राफीचा उचललेला असेल. तिथे आवाज जाऊन परत येतो म्हणून दोनानं भागतात. इथे प्रकाश क्षणात पोचतो आणि आवाज एकदाच येतो. भागायचं नाही.

रक्तातला ऑक्सिजनही मोजायचा असेल तर 800 च्या अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोन तरंगलांबी घ्या. ऐन 800 ला ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच शोषतं.

बाकी संमतीपत्र, कोपराखाली उशी, डिस्कवर जागा, ट्रिगरची वायर. हात आत गेल्यावर थर्मामीटर पुन्हा बघा. आणि टॉवेल ठेवा.