एफएमडी: अस्तराची चाचणी हाताने नव्हे, स्टँडने करा

रक्ताचा वेग अचानक वाढला की निरोगी धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमनी रुंदावते. हे सोनोग्राफीने मोजायची रीत सेलरमायर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. तीच एफएमडी (फ्लो-मिडिएटेड डायलेशन, म्हणजे प्रवाहामुळे धमनी रुंदावणे).

किमान सहा तास उपाशीपोटी. चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम बंद. शांत खोलीत दहा मिनिटे उताणे झोपवा. रक्तदाब मोजायचा पट्टा, म्हणजे कफ, कोपराखाली बांधा; तो फुगवून रक्त अडवायचे आणि सोडून वेग अचानक वाढवायचा. दंडावर बांधला की आकडा मोठा येतो म्हणून काहीजण तसे करतात. पण तो आकडा निव्वळ नायट्रिक ऑक्साइडचा राहत नाही.

आता खरी मेख. कोपराच्या घडीपासून काही सेंटिमीटर वर सोनोग्राफीच्या लिनियर (सरळ तोंडाच्या) प्रोबने दंडातली ब्रेकियल धमनी उभी, लांबीत धरा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही भिंतींवर अस्तराची बारीक दुहेरी रेघ दिसलीच पाहिजे. एकाच भिंतीवर दिसते? मग छेद मधोमध नाही. "साधारण बरे दिसतेय" म्हणून पुढे जाऊ नका. धमनी ४ मिमीची आणि ती ६ टक्के रुंदावली, तर वाढ जेमतेम पाव मिमी. कफ सोडल्यावर प्रोब अर्धा मिमी बाजूला सरकला तर तोच आकडा ३ टक्क्यांवर येतो आणि धडधाकट माणसाला आजारी ठरवतो.

सरकतो तो नेमका कफ सोडताना: हाताला मुंग्या येतात, माणूस बोटे हलवतो. म्हणून हात फोमवर टेकवा, हलायचे नाही हे आधीच सांगा आणि प्रोब स्क्रूने बारीक सरकवता येईल अशा स्टँडमध्ये अडकवा. हाताने धरून 'जमते' म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. चौकटीत धमनीची एखादी फांदी किंवा स्नायूवरची पांढरी रेघ खूण म्हणून ठेवा आणि सुरुवातीचे चित्र शेजारी गोठवा. कफ सोडण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात त्याच्याशी ताडून छेद दुरुस्त करा. प्रोब दाबू नका. गेनला (चित्राची उजळता ठरवणाऱ्या बटणाला) मध्येच हात लावू नका. तो वाढला की भिंती जाड दिसतात, पोकळी अरुंद.

बाकी सोपे. एक मिनिट मूळ व्यास नोंदवा, कफ सिस्टोलिक (वरच्या) रक्तदाबाच्या ५० मिमी पाऱ्याने वर फुगवा, पाच मिनिटांनी झटक्यात सोडा. लगेच डॉप्लरने रक्ताचा वेग मोजा, किरण आणि प्रवाह यांतला कोन ६० अंशांपर्यंतच. व्यास सलग तीन मिनिटे टिपा. साठाव्या सेकंदाला एकच फोटो काढणे चूक, कारण शिखर प्रत्येकाचे वेगळ्या वेळी येते. वाढ भागिले मूळ व्यास, गुणिले शंभर.

नायट्रोग्लिसरीन देऊन धमनीच्या भिंतीतल्या स्नायूची रुंदावायची ताकद तपासायची असेल तर दहा मिनिटे थांबा, डॉक्टर हजर ठेवा. सिल्डेनाफिल घेणाऱ्याला ते अजिबात देऊ नका.