घरात परवान्याची बंदूक असेल तर

राधानगरी पट्ट्यात रानडुकरं उसात शिरतात, म्हणून आमच्याकडं काही घरांत परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक असते. कुठं गोळी सुटून जीव गेला की चावडीवर वाद पेटतो. एकजण म्हणतो सगळे परवाने रद्द करा, दुसरा म्हणतो दोष बंदुकीचा नाही, माणसाचा. कायदा कडकच हवा, असं माझं मत. पण कपाटाची किल्ली सरकारकडं नसते, आपल्याकडं असते.

रानातून आलात की उंबऱ्याबाहेरच थांबा. नळी जमिनीकडं, बोट चापापासून लांब. बंदूक बिजागरीवर मोडून उघडा, काडतुसं काढा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का बघा. अंधार असेल तर मागच्या तोंडात करंगळी घालून चाचपा. मग दुसऱ्याला दाखवा. आमच्यात घरधनीण बघते. फौजेत मला हीच शिस्त लागली. ‘रिकामीच हाय’ या शब्दावर कधी विसंबू नका.

बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. देवघरामागची जागा पोरांना आधीच ठाऊक असते.

घरात कुणी दारूत बुडालं, भावकीचा वाद चिघळला, पोरगं गप्पगप्प राहायला लागलं, की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला जा आणि पावती घ्या. निवडणुकीत करतोच की! यात कसली आलीय लाज?

वरातीत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोरांना नेमबाजीची हौस असेल, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात पदक जिंकल्यावर ती असणारच, तर त्यांना रेंजवर प्रशिक्षकाकडं न्या.