नाइट गार्ड: बोअरच्या पाण्यात कसा सांभाळायचा आणि बदलायचा कधी

झोपेत दात खाणाऱ्यांना दात झिजू नयेत म्हणून रात्री दातांवर चढवायला प्लॅस्टिकचं कवच देतात, तो नाइट गार्ड. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात तो काही महिन्यांत धुरकट पांढरा दिसायला लागतो. मग कुणीतरी त्याला टूथपेस्ट लावून ब्रशने खसाखसा घासतं. त्या दिवशी तो चकचकीत दिसतो, पण बिघडायला सुरुवातही तिथूनच होते. दात पांढरे करणाऱ्या पेस्टमध्ये बारीक खरखरीत पावडर असते. दाताचं एनॅमल ती सोसतं, प्लॅस्टिक सोसत नाही. त्यावर डोळ्यांना न दिसणारे चरे पडतात, चऱ्यांत जंतू आणि क्षार बसतात आणि पुढचा थर आधीपेक्षा लवकर धरतो. मिश्रीचंही तेच. मिश्रीच्या बोटाने गार्ड पुसला तर चरे पडतात आणि वर तपकिरी डागही बसतो.

हा पांढरा थर दोन गोष्टींचा असतो. एक लाळेतलं कॅल्शियम, म्हणजे दातांवर किटण धरतं तेच. दुसरं पाण्यातले क्षार. कूलरच्या गवतावर आणि गिझरच्या कॉइलवर जी पांढरी खरपुडी जमते, ती इथे बारीक प्रमाणात जमते. म्हणून आपल्याकडे गार्ड कशाने घासायचा यापेक्षा शेवटचं पाणी कोणतं घालायचं हे जास्त महत्त्वाचं. बोअरच्या पाण्याने धुतला तरी शेवटी एक फुलपात्र फिल्टरचं किंवा जारचं पाणी त्यावरून घाला आणि लगेच झटका. थेंब गार्डवरच वाळले की क्षार तिथेच राहतात. एक चूक मात्र फार घरांत होते: आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवतात आणि धुण्या-पुसण्याला वापरतात. फरशीला ते चालतं, गार्डला नाही. आरओने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात.

तुमचा गार्ड कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखा, कारण पुढचे निम्मे नियम त्यावर ठरतात. बोटांनी दाबून वाकत नाही, नखाने टिचकी मारली की टक् वाजतो, तो कडक अ‍ॅक्रिलिकचा. रबरासारखा वाकतो तो मऊ. बाहेरून कडक आणि आतून, दातांकडच्या बाजूने, मऊ असा दुहेरीही मिळतो. चौथा प्रकार ऑनलाइन मागवून गरम पाण्यात मऊ करायचा आणि चावून आकार द्यायचा. तो तात्पुरता समजावा.

रोजचं काम

सकाळी गार्ड काढताना एका बाजूने ओढू नका. दोन्ही बाजूंच्या दाढांजवळ नखं किंवा बोटांची टोकं अडकवा आणि डावं-उजवं थोडं थोडं सैल करत काढा. एकाच बाजूने उपटलेला कडक गार्ड बहुधा समोरच्या दातांपाशी तडकतो, कारण तिथे तो सगळ्यात जास्त वाकतो. लावतानाही दातांनी चावून बसवू नका. दोन्ही अंगठ्यांनी दाढांवर सारखा दाबा.

काढल्याबरोबर गार पाण्याखाली धरा. लाळ ओली असताना पाण्याच्या धारेने निघते. वाळली की चिकट पापुद्रा होतो आणि मग घासावं लागतं. त्यानंतर भांड्याच्या लिक्विडचा किंवा हात धुवायच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश आणि अर्धा मिनिट. ब्रश वेगळा ठेवा, दातांचा नको. बाहेरची बाजू सगळेच घासतात. घाण बसते ती आत, दाढा जिथे रुततात त्या खोलगट खड्ड्यांत, तेव्हा ब्रशची टोकं तिथे उभी धरून गोल फिरवा. साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा, शेवटचं पाणी घाला, झटका आणि स्वच्छ सुती फडक्यावर १५ ते २० मिनिटं सावलीत ठेवा. पूर्ण कोरडा झाल्यावरच डबीत.

पाणी फार लागत नाही. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावातही गार्डसाठी रोज दोन फुलपात्रं निघतातच.

डबी भोकांचीच हवी. ओला गार्ड हवाबंद डबीत ठेवला की दोन दिवसांत वास सुटतो, आणि तो वास गार्डचा नसून त्यावर वाढलेल्या जंतूंचा आणि बुरशीचा असतो. डबीही आठवड्यातून एकदा साबणाने धुवा. ती विसरली जाते आणि धुतलेला गार्ड रोज त्याच घाणीत जाऊन बसतो. टिश्यूत किंवा कागदात गुंडाळून उशीखाली ठेवलेले गार्ड झाडू मारताना कचऱ्यात जातात. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर ठेवा. लाळेचा वास असलेलं काहीही कुत्र्याला आवडतं आणि गार्डचे तुकडे व्हायला पाच मिनिटं पुरतात.

रात्री क्रम उलटा करू नका. हळदीचं दूध पिऊन झालं, तंबाखू थुंकून झाली, ब्रश आणि चुळा झाल्या, की मगच गार्ड. गार्ड घालून दूध प्यायलं तर साखर आणि हळद दोन्ही आत अडकतात. हळदीचा पिवळेपणा मऊ गार्डमध्ये मुरतो आणि मग काही केल्या जात नाही. गार्ड तोंडात असताना फक्त साधं पाणी.

आठवड्याचं भिजवणं

मेडिकलवर कवळी साफ करायच्या गोळ्या मागा, क्लिनसोडेंटसारख्या. पेलाभर कोमट पाण्यात, म्हणजे बोट घातलं तर सुखद वाटेल इतक्याच, एक गोळी टाका. पाकिटावर लिहिलेली वेळ पाळा आणि बाहेर काढून ब्रशने नीट धुवा. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांत परसल्फेट नावाचं रसायन असतं. काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते, हिरड्या चुरचुरतात. तसं झालं तर गोळ्या बंद करा.

पांढरा थर धरायला लागला असेल तर व्हिनेगर जास्त उपयोगी. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर आणि फिल्टरचं पाणी निम्मं-निम्मं, काचेच्या पेल्यात, २० ते ३० मिनिटं. मग ब्रश आणि भरपूर पाणी. क्षार आम्लात विरघळतात, म्हणून इथे घासण्याचा जोर लागत नाही. खूप जुना, दगडासारखा थर एका वेळी जाणार नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा भिजवा, तरी राहिला तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या. त्यांच्याकडच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तो काही मिनिटांत सुटतो. सुरीने किंवा पिनेने खरवडायला जाऊ नका. गार्डला धातूची तार किंवा हूक असेल तर व्हिनेगर टाळून डॉक्टरांना विचारा.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकून फेस आणायचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. फेस भारी दिसतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळपास खारं पाणी. सोडा वेगळ्या दिवशी वापरा: वास येत असेल तर पेलाभर पाण्यात एक चमचा, अर्धा तास. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं असेल तर बाटलीवरचं प्रमाण वाचा. ६ टक्क्यांचं असेल तर एका भागाला तीन भाग पाणी, ३ टक्क्यांचं असेल तर निम्मं-निम्मं. ते व्हिनेगरबरोबर एकाच पेल्यात कधीही नको, त्यातून डोळ्या-नाकाला झोंबणारं तिखट आम्ल तयार होतं.

सॅनिटायझर, स्पिरिट किंवा अल्कोहोलवालं माउथवॉश कडक गार्डवर लावलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या आणि बीटाडीन दोन्ही डाग देतात. कपड्यांचं ब्लीच घरात आहे म्हणून वापरू नका.

ऊन

आपल्याकडे गार्ड वाकडा होण्याचं मोठं कारण उकळतं पाणी नसून मे महिना आहे. परभणी-नांदेडकडे पारा ४३ च्या पुढे गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. सकाळी तोच नळ ठीक असतो, पण रात्रपाळी करून दुपारी झोपणाऱ्याने उठल्यावर नळाखाली गार्ड धरण्याआधी हात धरून बघावा, किंवा सरळ माठातलं पाणी घ्यावं. उन्हात उभ्या बंद गाडीत तर याहून कितीतरी जास्त तापतं. डॅशबोर्डवर राहिलेला मऊ गार्ड संध्याकाळी दिसायला तसाच असतो, रात्री मात्र बसत नाही. खिडकीत, गच्चीवर, ‘ऊन लागलं की जंतू मरतात’ म्हणून वाळत घालू नका. कडक गार्ड आठवडाभर वापरणार नसाल तर कोरड्या हवेत तो सुकून किंचित आकसतो. म्हणून डबीत ओला केलेला कापूस ठेवा किंवा रोज बदललेल्या गार पाण्यात ठेवा. मऊ गार्ड कोरडाच ठेवावा.

बदलायचा कधी

नेहमीच्या वापरात मऊ गार्ड सहा महिने ते दीड-दोन वर्षं टिकतो, कडक तीन ते पाच, चावून बसवायचा काही महिनेच. पण जोरात दात खाणारा माणूस कडक गार्डही वर्षात संपवतो, त्यामुळे कॅलेंडरपेक्षा गार्डकडे बघा. महिन्यातून एकदा, भिजवण्याच्याच दिवशी, ट्यूबलाइटसमोर आडवा धरून बघा. चावण्याच्या बाजूला घासलेले चकचकीत पट्टे आणि उथळ खोबणी दिसतील. त्यांची काळजी नको. दाताऐवजी गार्ड झिजतोय, त्यासाठीच तो आहे. काळजीची जागा वेगळी: एखादा ठिपका बाकी गार्डपेक्षा जास्त उजळ, पारदर्शक दिसतो. तिथे जाडी संपत आली आहे. तिथून समोरची दाढ आरपार गेली की सगळा जोर त्या एका दाढेवर येतो, आणि असा भोक पडलेला गार्ड घालणं गार्ड न घालण्याहून वाईट ठरू शकतो.

मग नख फिरवा. अडकलं तर तडा आहे. तडा फेविक्विकने चिकटवू नका. तो पदार्थ तोंडात घालायचा नाही, आणि सांध्याला आलेल्या उंचवट्याने चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, बिघडतो. धार टोचत असेल तर कानशीने घासणंही घरी नको. डॉक्टर पाच मिनिटांत पॉलिश करून देतात.

तिसरी तपासणी तोंडात. गार्ड घाला, एका बाजूच्या दाढेवर बोटाने दाबा, मग दुसऱ्या. सी-सॉसारखा हलला किंवा एक बाजू वर उचलली तर तो वाकडा झालाय. जिभेने ढकलून निघत असेल तर सैल झालाय. या दोन्हींत कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. उलट पिवळा पडलेला, पण घट्ट बसणारा, न तडकलेला गार्ड निव्वळ रंगासाठी टाकायचं कारण नाही. नव्या गार्डचा ताण पहिले दोन-तीन दिवस जाणवतो, आठ-पंधरा दिवस न घातलेल्याचाही, कारण मधल्या काळात दात किंचित सरकतात. आठवड्यानंतरही तेच दात दुखत असतील, किंवा सकाळी बदललेला चावा चहा-नाश्त्यापर्यंत जागेवर न येता दिवसभर तसाच राहत असेल, तर गार्ड बंद करून दाखवायला न्या.

दाढेला कॅप बसवायची, सिमेंट भरायचं किंवा दात काढायचा असेल तेव्हा गार्ड बरोबर घेऊन जा आणि आधीच सांगा. कॅप बसली की जुना गार्ड तिथे अडतो. थोडा फरक असेल तर आतून घासून जुळतो, जास्त असेल तर नवं माप द्यावं लागतं. गार्ड बनवताना मिळालेला प्लॅस्टरचा साचा फेकू नका. गार्ड साच्यावर नीट बसतो पण तोंडात नाही, तर दात सरकलेत. साच्यावरही बसत नाही, तर गार्ड वाकलाय. फोन करून एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. तोंडात पुसता येणारे पांढरे चट्टे आले असतील तर औषधाबरोबर गार्डचं काय करायचं तेही विचारा. बुरशी गार्डवर राहिली तर बरं झालेलं तोंड पुन्हा धरतं.

लहान मुलं झोपेत दात खातात तेव्हा घरोघरी ‘जंत झालेत’ म्हणतात. जंतांचं औषध द्यायचं की नाही ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा, पण स्वतःच्या मनाने त्यांना ऑनलाइन गार्ड मागवू नका. दुधाचे दात पडून नवे येत असतात, महिन्याभरात तोच गार्ड येणाऱ्या दाताला अडवतो.

खासगीत नव्या गार्डचा खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना जुना गार्ड, साचा आणि सकाळी कोणती दाढ दुखते याची चिठ्ठी घेऊन जा.