क्रीडा व्यवस्थापनाचे विद्यार्थी आणि व्यावसायिक संघटना : या चुका टाळा

क्रीडा व्यवस्थापनात मास्टर्स करायला अमेरिकेला निघालेल्या मुलांना जो तो सांगतो, ‘एखाद्या असोसिएशनचा मेंबर हो, ओळखी होतील.’ कोणत्या असोसिएशनचा, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मग शोधताना पहिलं जे नाव दिसेल तिथे पैसे भरले जातात आणि वर्षभर नुसते ईमेल येत राहतात. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घरात हे पैसे आणि हे वर्ष, दोन्ही वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नाव मोठं, काम वेगळं

सगळ्यात जास्त नडणारी चूक हीच. नॉर्थ अमेरिकन सोसायटी फॉर स्पोर्ट मॅनेजमेंट, म्हणजे नॅसम, ही 1985 मध्ये स्थापन झालेली नावाजलेली संस्था. ‘जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट’ हे तिचंच नियतकालिक. पण तिचा जीव संशोधनात आहे. परिषदेला भेटतात ते प्रामुख्याने प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी. पुढे शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, तर इथे जरूर जा. निबंध सादर करायचा असेल तर गोषवारा परिषदेच्या कित्येक महिने आधी द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

स्टेडियम किंवा अरेना चालवायचं स्वप्न असेल, तर मात्र आयएव्हीएम, म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ व्हेन्यू मॅनेजर्स बघा. अमेरिकन विद्यापीठांच्या संघांसाठी काम करायचं असेल तर 1965 पासूनची नॅकडा, म्हणजे तिथल्या कॉलेज-विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांची संघटना. तिच्या छत्राखाली मार्केटिंग, निधी उभारणी, हिशेब, तिकीटविक्री अशा कामांच्या वेगवेगळ्या संघटना आहेत. नुसतं ‘नॅकडा’ म्हणून थांबू नका, आपल्या कामाची शाखा शोधा. मुलींनी वाइज या संस्थेची आपल्या शहरात शाखा आहे का, हेही पाहावं. क्रीडा आणि इव्हेंट क्षेत्रातल्या स्त्रियांची ही संस्था 1993 पासून आहे.

मराठी मुलांच्या नजरेतून सहज निसटते ती नर्सा. विद्यापीठांच्या आवारातली जिम, जलतरण तलाव, आंतरवर्ग स्पर्धा सांभाळणाऱ्यांची ही संघटना 1950 मध्ये सुरू झाली. तिच्या जाहिरातींत आणि परिषदांत ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागा निघतात. अशी जागा मिळाली तर आठवड्याला साधारण 20 तास काम, त्याचा मोबदला, आणि बऱ्याच ठिकाणी फीमध्ये मोठी सवलत किंवा पूर्ण माफी. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं काम 20 तासांपर्यंतच करता येतं, त्यामुळे ते गणितही जमतं. स्पर्धेचं वेळापत्रक लावणं, पंच नेमणं, पावसाने सामना रद्द झाला की सगळ्यांना कळवणं, असा हा रोजचा अनुभव असतो. मोठ्या क्लबच्या झगमगाटापुढे हे काम कमी लेखू नका. या जागा भरायला प्रवेशाआधीच सुरुवात होते, म्हणून शोध भारतात असतानाच सुरू करा.

शेवटच्या सत्रापर्यंत थांबणं

क्रीडा व्यवस्थापनाची पदवी बहुधा स्टेम यादीत, म्हणजे पदवीनंतर कामाची जास्त मुदत मिळणाऱ्या विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या विषयांत, बसत नाही. त्यामुळे पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आपल्या क्षेत्रात काम करायच्या परवानगीचे, फक्त 12 महिने, आणि त्यात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहून चालत नाही. ओळखी करायला तेव्हा सुरुवात केली तर हाती काही राहत नाही. पहिल्याच सत्रात सदस्य व्हा, विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा दर विचारा. परिषदेत स्वयंसेवक म्हणून जायचं असेल किंवा बाहेर इंटर्नशिप करायची असेल, तर बिनपगारी असली तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. व्हिसाच्या बाबतीत मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका.

पहिल्याच ईमेलमध्ये नोकरी मागणं

बायोडेटा जोडून ‘काही संधी असल्यास कळवावे’ असं लिहिलेल्या पत्रांना उत्तरं क्वचितच येतात. त्याऐवजी कामाचा प्रश्न विचारा. एखाद्या अरेनाच्या व्यवस्थापकाला असं लिहा : ‘तुमच्याकडे शनिवारी आइस हॉकीचा सामना आणि रविवारी कॉन्सर्ट असतो. रातोरात बर्फ झाकून स्टेज उभा करण्याचं काम कोणाच्या देखरेखीखाली चालतं? ते शिकायला कुठून सुरुवात करावी?’ असा प्रश्न वाचणाऱ्याला कळतं की या मुलाने किंवा मुलीने तिथलं वेळापत्रक उघडून पाहिलंय.

आपल्याकडची गल्लत

मुंबई क्रिकेट असोसिएशन किंवा जिल्ह्याची कबड्डी संघटना ही त्या खेळाची नियामक संस्था असते. तिथे इंटर्नशिप मागता येईल, स्पर्धेच्या आयोजनात हातभार लावता येईल. पण आयएव्हीएम किंवा नॅकडासारखी तुमच्या पेशाची संघटना ती नव्हे. आशियातले संशोधक गाठायचे असतील तर 2002 मध्ये स्थापन झालेली एशियन असोसिएशन फॉर स्पोर्ट मॅनेजमेंट आहे.

पैसे भरून झाले असतील तर

सदस्यत्व चुकीच्या ठिकाणी घेतलंय असं लक्षात आलं तरी उरलेले महिने कामी लावा. सदस्यांची यादी उघडा आणि तुमच्या विद्यापीठातून शिकून गेलेले लोक त्यात शोधा. नोकऱ्यांच्या जाहिरातींत कोणती कौशल्यं पुन्हा पुन्हा मागितली जातात ते टिपून ठेवा. एखाद्या समितीला विद्यार्थी सदस्य हवा असेल तर नाव द्या. मुदत संपण्याआधी खात्यात जाऊन आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. नाहीतर पुढच्या वर्षीचे पैसेही कार्डावरून तिथेच जातील.