१० मीटर एअर रायफल आणि पिस्तूल: पेलेट कसे निवडायचे, हवा कशी सांभाळायची आणि फाटलेला ग्रुप कुठे शोधायचा

परदेशातले नेमबाज घरीच प्रेस लावून काडतुसं भरतात. त्याचे व्हिडिओ पाहिलेली ठाणे-नवी मुंबईतली नवी मुलं रेंजवर आल्या आल्या विचारतात, आपल्यालाही ते करता येईल का? नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, आणि बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायचा परवाना नव्हे. मात्र ती मंडळी एवढा खटाटोप ज्यासाठी करतात ती गोष्ट, म्हणजे आपल्या बॅरलला नेमकं काय मानवतं हे शोधणं, एअर गनमध्येही करता येते. ४.५ मि.मी. कॅलिबरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही; स्पर्धेची एअर रायफल साधारण ७.५ ज्यूलचीच असते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला ज्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, पनवेलला नेमबाजी शिकवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ज्या प्रकारात ४०० पैकी ४०० केले, तो हाच १० मीटर एअर रायफलचा प्रकार.

पैसे खर्च करण्याआधी टार्गेटचं गणित समजून घ्या, कारण रायफलवाल्याने आणि पिस्तूलवाल्याने कुठे खर्च करायचा ते त्यावरच ठरतं. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मि.मी. व्यासाचा असतो. पेलेट, म्हणजे एअर गनची शिशाची गोळी, ४.५ मि.मी.चा असल्यामुळे त्याचा मध्य केंद्रापासून २.५ मि.मी.च्या आत पडला तर १०.० मिळतात, आणि तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो. १०.९ साठी मध्य ०.२५ मि.मी.च्या आत हवा. पिस्तुलाचा दहा ११.५ मि.मी.चा, म्हणजे मध्य ८ मि.मी. सरकला तरी दहा. शिवाय पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात धरतात, ६० शॉट्सचे जास्तीत जास्त ६००. रायफलचे दशांशात, जास्तीत जास्त ६५४.

म्हणून पिस्तूल शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी पेलेटच्या बॅच चाचणीवर (कुठल्या उत्पादन-बॅचचे पेलेट आपल्या बॅरलला मानवतात ते तपासण्यावर) एक रुपयाही घालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चांगल्या कंपनीचा कुठलाही मॅच पेलेट चालतो. तो पैसा हाताच्या मापाच्या ग्रिपवर आणि ट्रिगरवर घाला. ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज मापात येते, डावखुऱ्यांसाठी वेगळी असते. ती सैल असेल तर कितीही महागडं पिस्तूल हातात फिरतं. नियमाप्रमाणे ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम उचलले पाहिजेत. नेमका ५०० वर लावू नका, थोडा वर ठेवा. वापराने तो हलका होत जातो, आणि स्पर्धेच्या दिवशी वजन उचललं गेलं नाही तर सामना सुरू होण्याआधीच धावपळ होते.

रायफलवाल्यांचं तसं नाही. त्यांना पेलेट निवडावेच लागतात.

मॅच पेलेट सपाट तोंडाचा, शिशाचा असतो. रायफलचा सहसा ०.५३ ग्रॅमचा, पिस्तुलाचा त्याहून हलका. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच हे डबे रेंजवर नेहमी दिसतात. एका डब्यात बहुतेक ५०० पेलेट. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या: हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा मि.मी.मधला व्यास (४.४९, ४.५० वगैरे), आणि बॅच क्रमांक. एकाच नावाच्या, एकाच साइजच्या दोन बॅच एकाच बॅरलमधून वेगळ्या लागू शकतात. त्यामुळे मित्राच्या रायफलला ४.४९ उत्तम लागतो यावरून तुमच्या रायफलबद्दल काहीच कळत नाही.

चाचणीसाठी चार-पाच प्रकारचे डबे जमवा. एकाच रेंजवरच्या मुलांनी एकेक डबा आणून वाटून घेतला तर खर्च निम्म्याहून कमी होतो. रेंजवर व्हाइस (रायफल घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) असेल तर रायफल त्यात बसवा, नाहीतर टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. पेलेट बदलला की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत, तेवढ्यात बॅरल नव्या शिशाला सरावते. मग दहा-दहा शॉट्सचे तीन ग्रुप (एकत्र पडलेल्या भोकांचे पुंजके), प्रत्येक वेगळ्या कागदावर. कागदावर लगेच पेन्सिलने नाव, साइज, बॅच आणि हवेच्या सिलिंडरच्या गेजवरचं प्रेशर लिहा. ग्रुप व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. इथे नीट बघा: भोकाच्या कडेला शिशाची करडी रेघ उमटते, माप त्या रेघेच्या बाहेरून घ्यायचं, कागद आत दुमडल्यामुळे भोक नुसतं पाहिलं तर लहान वाटतं. व्हाइसवर दहा शॉट ६ मि.मी.च्या आसपास आले तर ती बॅच उचला. ७ मि.मी. म्हणजे मध्यांमधलं अंतर २.५ मि.मी.: होल्ड (रायफल स्थिर धरणं) अगदी अचूक असला तरी एखादा शॉट १०.५ वर येणार. ७.५ च्या पुढचा पेलेट सरावाला ठेवा. एकच सुंदर ग्रुप पाहून निर्णय घेऊ नका, तिन्हींपैकी सर्वांत वाईट ग्रुप ज्याचा लहान, तो पेलेट निवडा.

बॅच सापडली की त्याच क्रमांकाचे दहा डबे तरी एकदम घ्या. आठवड्याला पाच दिवस, रोज ६० ते ८० शॉट म्हटले तर वर्षाला १५ ते २० हजार पेलेट उडतात. होल्ड आणि ट्रिगरच्या सरावाला स्वस्त पेलेट पुरतात, मॅच पेलेट स्पर्धेच्या आधीच्या महिन्यासाठी राखा.

खाडीच्या दमट हवेत शिसं पांढरं पडतं. डबा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. घामट बोटांनी पेलेट चिवडू नका. डबा हातातून पडला तर तो सरावाचा झाला, कारण मागच्या पातळ स्कर्टला पोचा बसलेला असतो. काचेवर पेलेट लोटून पाहा, वाकडा असेल तर अडखळत जातो. शॉट झाल्यावर साबणाने हात धुवा, फायरिंग लाइनवर जेवणाचा डबा उघडू नका. पोरं वडापाव खात शूट करतात हे आम्हाला अजिबात पटत नाही, ते शिसं पोटात जातं.

आता हवा. प्री-चार्ज्ड (आधीच दाबाखाली हवा भरून ठेवलेल्या) रायफल-पिस्तुलाचा सिलिंडर सहसा २०० बारपर्यंत भरतात. स्कूबा टाकीवरून भरताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. घाईने भरला की सिलिंडर तापतो, गेज २०० दाखवतं आणि गार झाल्यावर उतरतं. तापमानाचा हा हिशेब लक्षात ठेवला तर निम्म्या तक्रारी मिटतात: ३५ अंशांत २०० बार भरलेला सिलिंडर २४ अंशांच्या एसी रेंजमध्ये साधारण १९३ दाखवतो. ती गळती नव्हे. उन्हात उभ्या गाडीत सिलिंडर ठेवू नका. ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही किंचित. साधं मशिन ऑइल उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं.

खरी गळती ओळखायला एक रात्र पुरते. सिलिंडर काढून ठेवा, प्रेशर लिहा, सकाळी त्याच तापमानाला पाहा. तरी उतरलं तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह खराब आहे. सुटा टिकतो आणि रायफलला जोडला की उतरतो, तर जोडाची ओ-रिंग किंवा आतला व्हॉल्व्ह. ओ-रिंग तुम्ही बदलू शकता, सिलिंडर पूर्ण रिकामा करून. व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आर्मररकडेच, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेच.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरचा फिल्टर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत एवढं पाणी असतं की वाळवण्याचं मटेरियल वेळेवर बदललं नाही तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं, आणि पुढे रेग्युलेटर गंजतो. हवा भरून घेताना फिल्टर कधी बदलला ते विचारा. हातपंपाला ड्रायर नसेल तर पावसाळ्यात तो वापरूच नका.

ग्रुप बिघडला की पहिलं काम: तीच रायफल, तेच पेलेट प्रशिक्षकाच्या हातात द्या. त्यांचा ग्रुप नेहमीसारखा आला तर स्क्रूला हात लावू नका, दोष होल्डमध्ये किंवा ट्रिगरमध्ये आहे. त्यांचाही फाटला तर एका वेळी एकच गोष्ट बदला.

शॉट्सची उभी रेघ पडत असेल आणि व्हाइसवरही तशीच येत असेल तर वेग कमी-जास्त होतो आहे. १७० मी. प्रति सेकंद वेगाचा पेलेट १६५ वर आला तर १० मीटरवर साधारण १ मि.मी. खाली लागतो, म्हणजे रायफलमध्ये ०.४ गुण गेले. आधी गेज पाहा: मॅन्युअलमधल्या किमान दाबाखाली (बहुतेकांत ५० ते ७० बार) रेग्युलेटरला पुरेशी हवा मिळत नाही. सामन्याला १२० बारच्या खाली घेऊन बसू नका. गेज ठीक असेल तर क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉट घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक सेकंदाला ३ मी. पर्यंत असेल तर चिंता नाही, ५-६ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर तपासून घ्या. पंधरा मिनिटं थांबल्यावरचा पहिलाच शॉट दरवेळी वेगळा लागतो, हेही रेग्युलेटरचंच लक्षण.

आडवी रेघ बहुधा माणसाची असते: रायफल कलते किंवा बोट ट्रिगर बाजूला ओढतं. एकाच कागदावर दोन वेगळे ग्रुप पडले तर स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू तपासा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. ग्रुप गोल पण मोठा झाला तर बॅरल साफ करा: मागच्या बाजूने फेल्टचे (नमद्याचे) बोळे, कोरडे, काळं यायचं थांबेपर्यंत. पितळी ब्रश वापरू नका. साफ केल्यावर पहिले दहा-वीस शॉट इकडेतिकडे जाणारच, त्यावरून साइट फिरवू नका. सगळं ठीक असताना एकच शॉट भरकटला तर पेलेट तिरका बसला होता किंवा स्कर्टला पोचा होता.

साइटची एक क्लिक किती नेते हे पुस्तकात न बघता मोजा. पाच शॉट, मग एकाच दिशेला दहा क्लिक, मग पुन्हा पाच. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर भागिले दहा. हा आकडा गन केसच्या झाकणाला आतून चिकटवा.

जुनी रायफल किंवा पिस्तूल घेणार असाल तर आधी सिलिंडर वाचा, मग बाकीचं. त्यावर तारीख कोरलेली असते आणि उत्पादकाने वापराची मुदत दिलेली असते, सहसा १० वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि भरणंही धोक्याचं. नवा घ्यायची किंमत सौद्यातून वजा करा. अनुक्रमांक आणि मूळ पावती जुळवून पाहा. मालकाला व्हाइसवर दहा शॉट मारून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरी बघा.