कीटो डाएटवर किटोन कसे मोजावेत आणि आकडा कसा वाचावा

कीटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार, सुरू करून चार दिवस झाले की पुष्कळ जण मेडिकलमधून किटोनच्या पट्ट्या आणतात. किटोन म्हणजे साखर कमी पडली की शरीर चरबीपासून बनवतं ते इंधन. आणा जरूर. पण पट्टी गडद जांभळी झाली म्हणजे चरबी भराभर उतरतेय, असा अर्थ काढू नका.

आधी ताटाचा हिशेब करा. कर्बोदकं दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमवर आली की यकृतातला साखरेचा साठा संपत येतो, इन्शुलिन उतरतं आणि यकृत चरबीपासून किटोन बनवू लागतं. याला बहुधा दोन ते चार दिवस लागतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका मोठ्या भाकरीतच दिवसाचा कोटा जवळपास संपतो. साबुदाणा तर बहुतांश स्टार्चच. एकादशीला खिचडी खाऊन 'उपास होता, तरी पट्टी कोरी कशी?' असं विचारण्यात अर्थ नाही.

मग कशानं मोजायचं ते ठरवा. लघवीची पट्टी स्वस्त आहे. ताज्या लघवीत बुडवा, जादा थेंब झटका, डबीवर लिहिलेल्या सेकंदांनंतर लगेच रंग जुळवा. उशिरा पाहिलेला रंग फसवतो. ही पट्टी ॲसिटोॲसिटेट नावाचा एकच किटोन ओळखते. शिवाय भरपूर पाणी प्यायलात की रंग फिका, कमी प्यायलात की गडद. काही आठवड्यांनी शरीर सरावतं, लघवीतून किटोन कमी जातात आणि आहार तोच असूनही रंग फिकटतो. इथेच लोक घाबरून उरलेली कर्बोदकंही तोडतात, जे करायची गरज नसते. आणि डबीचं झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात दमटपणानं पट्ट्या खराब होतात.

नेमका आकडा हवा असेल तर रक्ताचं मीटर. ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजतं. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा, आणि पट्टी किटोनचीच आहे ना ते पाहा. साखरेची पट्टी इथे चालत नाही. श्वासातलं ॲसिटोन मोजणारी यंत्रंही मिळतात, पण मी त्यावर पैसे घालणार नाही.

वेळ एकच ठेवा. पुष्कळांचा आकडा सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. कालची सकाळ आजच्या संध्याकाळशी ताडून पाहू नका.

आता आकडा वाचा. ०.५ मिलीमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर अजून किटोसिस, म्हणजे शरीर किटोनवर चालण्याची अवस्था, नाही. ०.५ ते ३ म्हणजे आहारामुळे आलेला किटोसिस. ०.८ वाल्यापेक्षा २.२ वाल्याचं वजन जास्त उतरेल असं नाही. खोबरेल तेल किंवा एमसीटी तेल (ज्यातून यकृत झटकन किटोन बनवतं) खाल्लं तरी आकडा वर जातो, आणि त्यात जळते ती खाल्लेली चरबी, पोटावरची नव्हे. आकडा खरा महत्त्वाचा असतो तो अपस्माराच्या (फिट येण्याच्या) उपचारात. त्यासाठीच १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी हा आहार सुचवला होता, आणि तिथे तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालतो.

धोका कुठे आहे? मधुमेह नसेल तर इन्शुलिन किटोनना सहसा आवर घालतं. टाइप १ मधुमेहात तो आवर नसतो. ३ किंवा त्याहून जास्त आकडा, सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप, असं दिसलं तर पाणी पिऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो सुरूच करू नये. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनीही नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोन साचून रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. म्हणून कॅज्युअल्टीत गेल्यावर गोळीचं नाव आणि आपण कीटोवर आहोत, या दोन्ही गोष्टी आधी सांगा. नाहीतर ग्लुकोमीटरवरचा बरा आकडा पाहून खरं दुखणं निसटू शकतं.